रॉकचा ‘ठोका’ आणि भजनातली रिकामी मात्रा

रॉकच्या ड्रमविषयी मराठी घरांत दोन मतं ठामपणे मांडली जातात. पहिलं असं की त्यात ताल नसतो, नुसता ठोका असतो. एक-दोन-तीन-चार, घाण्याच्या बैलासारखं गोल गोल, त्यात समजून घ्यायचं काय? दुसरं असं की त्यातले आघात जागच्या जागी पडतच नाहीत, वाजवणारा सारखा मात्रा चुकवतो, आणि पोरगं ते ऐकत बसलं तर त्याचा तबला बिघडतो. एकच वाद्य अति सरळ आहे आणि अति वाकडंही आहे, असे दोन्ही आरोप पुष्कळदा एकाच बैठकीत आणि एकाच तोंडून होतात. अशा वेळी संशय वाद्यावर घेण्याआधी ऐकणाऱ्यावर घ्यायला हवा. कुवेतमध्ये हा वाद जरा जास्तच धारदार होतो. इथल्या मराठी घरांत तबल्याचा किंवा पेटीचा क्लास म्हणजे संस्कृतीचा विमा, आणि ड्रमचा क्लास म्हणजे मुलाच्या हट्टापायी दिलेली सूट. हप्ता थकला तर सूट आधी बंद होते. माझं म्हणणं असं की वरची दोन्ही मतं चुकीची आहेत आणि एकाच कारणाने चुकीची आहेत. दोन्ही पक्ष कानावर पडणारे आघात मोजतात. आघातांच्या मागे मुकाट्याने चालू असलेली मात्रा कुणीच धरत नाही. आणि ती धरायची सवय मराठी कानाला आजची नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. फक्त ती देवघरात वापरायची आणि बाहेर पडताना चपलांपाशी काढून ठेवायची, असा आपला रिवाज झालाय.

रॉकच्या ज्या वादनाला लोक ‘मात्रा चुकवणं’ म्हणतात त्याला सिंकोपेशन म्हणतात, आणि त्याची एक नेटकी व्याख्या लाँगेट-हिगिन्स आणि ली या दोन अभ्यासकांनी १९८४ साली केली. ती अशी समजून घेता येते. चार मात्रांच्या घरात सगळ्या मात्रांचं वजन सारखं नसतं. पहिली सर्वांत जड, तिच्याखालोखाल तिसरी, दुसरी आणि चौथी त्याहून हलक्या, आणि मात्रांच्या मधल्या अर्ध्या जागा सगळ्यांत हलक्या. हलक्या जागी आघात पडला आणि लगेच पुढे येणारी जड जागा मोकळी सोडली, की सिंकोपेशन झालं. म्हणजे नुसता आघात सरकवून भागत नाही, जड जागेवर गप्प बसावं लागतं. आणि ते गप्प बसणं ऐकू येण्यासाठी, तिथे मात्रा होती हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. ज्याच्या अंगात मात्रा चालू नाही त्याला सिंकोपेशन ऐकू येत नाही; त्याला एकतर वेडेवाकडे आघात ऐकू येतात किंवा, आवाज मोठा असेल तर, नुसता गोंगाट. ही गोष्ट ड्रमच्या कातड्यावर शोधून सापडणार नाही. ती वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या करारात असते.

आता भजनी ठेका घेऊ. आठ मात्रांचा, केरव्याच्या कुळातला, महाराष्ट्रात ज्याच्या कानावरून तो गेला नाही असा माणूस दाखवणं कठीण. त्याचा एक सर्रास चालणारा पाठ असा: धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ, तिंऽ नातिं ऽतिं नाऽ. पाठभेद भरपूर आहेत, हात तसा ठेका. पण सांगाडा हाच. पहिल्या चार मात्रा बोटांवर घेऊन पाहा. पहिल्या मात्रेवर धिं, तिचा उत्तरार्ध मोकळा. दुसऱ्या मात्रेवर ना, आणि तिच्या उत्तरार्धात धिं. तिसरी मात्रा सुरू होते त्या क्षणी तबल्यावर काहीच नाही. पुढचा धिं येतो तो तिच्या उत्तरार्धात. चौथ्या मात्रेवर ना, मग पुन्हा मोकळं. वरची व्याख्या इथे जशीच्या तशी लागू पडते. दुसऱ्या मात्रेचा उत्तरार्ध ही हलक्यातली हलकी जागा, तिथे डग्ग्यासकट भरघोस धिं. आणि त्याच्या लगेच पुढे चार मात्रांतली दुसऱ्या क्रमांकाची जड जागा, ती रिकामी. दर चार मात्रांनी एक अस्सल, पाठ्यपुस्तकी सिंकोपेशन. ही रिकामी मात्रा भरतो कोण? टाळ. टाळ नसेल तर टाळ्या, टाळ्या नसतील तर मांडीवरचा हात, तोही नसेल तर डुलणारी मान. आरतीनंतरच्या भजनात बसलेल्या आजींना मात्रा म्हणजे काय ते विचारलं तर त्या हसतील, पण त्यांची टाळी त्या मोकळ्या जागेवर बिनचूक पडते. भजनी ठेका मात्रा चुकवतो अशी तक्रार आजवर कुठल्याही भजनी मंडळात कुणी केलेली ऐकिवात नाही.

याच बोलांची आता ड्रमकिटवर वाटणी करू. धिं म्हणजे डग्ग्याचा घुमारा असलेला बोल, तो उजव्या पायाच्या बेस ड्रमला द्या. ना म्हणजे चाटेवरचा टणक बोल, तो डाव्या हाताने स्नेअरवर घ्या. टाळाचं काम उजव्या हाताला, हाय-हॅटवर, अर्ध्या-अर्ध्या मात्रेने एकसारखं. हाती काय आलं? बेस ड्रम पहिल्या मात्रेवर, मग दुसरीच्या उत्तरार्धात, मग तिसरीच्या उत्तरार्धात. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. हा रॉकचा अगदी रोजच्या वापरातला बीट आहे. ड्रम शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या धड्यांत सरळ ठोका बसला की लगेच जे प्रकार दिले जातात त्यांपैकी एक. ज्या घरात गुरुवारी संध्याकाळी हा ठेका देवासमोर वाजतो त्याच घरात शुक्रवारी सकाळी तो ड्रमवर वाजला की ‘काय ठोकाठोकी चालवलीय’ असा आवाज येतो. मी इथे वंशावळ सांगत नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. रॉकचा ताल भजनातून गेला असं म्हणणं म्हणजे पुष्पक विमानाच्या गोष्टी सांगण्यातला प्रकार. त्याचं कूळ ठाऊक आहे: पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे ताल, क्यूबा आणि न्यू ऑर्लिअन्स, तिथल्या मिरवणुका, मग ऱ्हिदम अँड ब्लूज. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठाशीव स्नेअर रॉक अँड रोलमध्ये रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांत न्यू ऑर्लिअन्सचा अर्ल पामर आघाडीवर आहे, आणि त्याचा दाखला म्हणून फॅट्स डॉमिनोचं डिसेंबर १९४९ मध्ये मुद्रित झालेलं ‘द फॅट मॅन’ सांगतात. दोन परंपरा वेगवेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामाला आल्या, एवढंच. माझ्या मुद्द्याला तेवढं पुरतं, कारण मला सिद्ध करायचीय ती कानाची तयारी. तालाचं गोत्र जुळवायचं नाही.

एक कबुली प्रतिपक्षाला देतो. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर, ज्याला बॅकबीट म्हणतात, तो काटेकोर अर्थाने सिंकोपेशन राहिलेला नाही. सत्तर वर्षं रोज तिथेच वजन पडल्यावर ती जागा हलकी कशी म्हणायची? जे लोक रॉकचं सगळं वैशिष्ट्य ‘दोन आणि चारवर टाळी’ एवढ्यावर आटोपतात त्यांच्यामुळेच ‘नुसता ठोका’ या आरोपाला बळ मिळतं. खरी हालचाल त्या पक्क्या चौकटीच्या आत होते. जेम्स ब्राउनच्या १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये क्लाइड स्टबलफील्डने चौथ्या मात्रेवर येणारा स्नेअर अर्धी मात्रा पुढे ढकलला आणि चौथी मात्रा मोकळी ठेवली. तो फंकचा, रॉकचा नव्हे, असं कुणी म्हणेल. पण त्यानंतर रॉकच्या ड्रमवाल्यांनी तिथून किती उचललं ते सांगायला नको. बो डिडलीचा १९५५ मधला त्याच्याच नावाचा बीट सोळा पाव-मात्रांवर तीन, तीन, चार, दोन, चार अशा अंतरांनी पाच आघात टाकतो, आणि त्यातले दोनच पूर्ण मात्रेवर येतात. लेड झेपलिनच्या ‘कश्मीर’मध्ये, १९७५ साली, गिटार आणि तंतुवाद्यं तीन-तीनच्या गटांत चढत जातात आणि खाली जॉन बॉनम चारच्या घरात निवांत बसून राहतो, बारा एककांनी दोघं एका जागी येतात, पुन्हा सुटतात. तबला शिकलेल्या माणसाने हे ऐकून मान न डोलवणं हा त्याच्या शिक्षणाचा अपमान आहे. याच मंडळींपैकी जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत येऊन तिथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ मुद्रित करून गेले होते. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ‘फोर स्टिक्स’ पाच आणि सहाच्या घरांत आलटून पालटून फिरतं. ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा बोटांवर मोजून दाखवावं.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे: हे जाणूनबुजून केलेलं असो वा नसो, मात्रा चुकते ती चुकतेच. इथे चूक कशाला म्हणायचं ते ठरवावं लागेल. चूक परत तशीच करता येत नाही. सिंकोपेशन दर घराला त्याच जागी, त्याच वजनाने येतं, आणि बाकीचे वादक त्याच्याभोवती आपापल्या जागा ठरवतात. पण याहून बळकट पुरावा वादनात नसून ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. इश्तवान विंक्लर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना हाय-हॅट, स्नेअर आणि बेस ड्रमचा रॉकच्या साथीसारखा ठेका ऐकवला. मधून मधून त्यातला एखादा आघात गाळला. हलक्या जागेचा आघात गाळला तर बाळाच्या मेंदूत विशेष काही झालं नाही. पहिल्या मात्रेचा गाळला तेव्हा मात्र मेंदूने चटकन दखल घेतली. याचा अर्थ जड जागा कुठली याचा अंदाज माणूस बोलायला, रांगायला, मान धरायला लागण्याआधीच बांधू लागतो. मात्रा ‘न वाजल्याने’ नाहीशी होत नाही. ती न वाजल्यानेच जास्त जाणवते. याची उलट बाजू रेडिओहेडच्या ‘व्हिडिओटेप’ या २००७ च्या गाण्यात दिसते. त्यात पियानोचे आघात मात्रेवरच पडताहेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. अभ्यासकांनी दाखवून दिलंय की ते अर्धी मात्रा आधी पडतात, पण मूळ मात्रा सांगणारं दुसरं काही सुरुवातीला ऐकूच येत नसल्याने कान फसतो. तेच आघात, तेच अंतर, आणि तरीही सिंकोपेशन गायब, कारण करारातली दुसरी सही झालेली नाही. ‘ड्रमवाला चुकतो’ म्हणणाऱ्या पालकाची अवस्था नेमकी हीच असते. त्याने मात्रा धरलेली नसते, आणि दोष देतो तो आघाताला.

या विषयावरचा सर्वांत तगडा प्रतिपक्ष मात्र आपल्याकडचा नाही. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नोने १९३६ च्या जॅझवरच्या लेखात आणि १९४१ च्या लोकप्रिय संगीतावरच्या निबंधात जो हल्ला चढवला तो रॉकच्या जन्माआधीचा असला तरी रॉकवर तंतोतंत फिरवता येतो, आणि फिरवलाही जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या संगीतातलं सिंकोपेशन खोटं बंड आहे. वर कितीही आघात सरकले तरी खालचा ठोका कधीच ढळत नाही, आणि ऐकणारा त्या ठोक्याचं मुकाट्याने पालन करत राहतो; सुटल्याचा भास, प्रत्यक्षात आज्ञापालन. हा युक्तिवाद वाचताना क्षणभर पटतो. मग प्रश्न पडतो की खालची लय ढळली असती तर सरकलेला आघात सरकला आहे हे कळलं कशावरून असतं? ख्यालात तबलजी ठेका धरून बसतो म्हणूनच गायकाला समेच्या आगेमागे खेळता येतं. ठेका ढळला तर तो खेळ संपतो आणि मैफलीत कुजबुज सुरू होते. अडोर्नोच्या न्यायाने विलंबित एकतालात गाणारा प्रत्येक गवई आज्ञाधारक ठरेल. पक्की लय ही सिंकोपेशनची बेडी नसून त्याची पूर्वअट आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्याने त्याकडे राजकारणाच्या चष्म्यातून पाहिलं आणि चष्मा संगीतावर ठेवून दिला. शिवाय ऐकणारा नुसता पालन करतो हेही खरं नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पन्नास ड्रम-तुकड्यांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की सिंकोपेशन अगदी थोडं असलं की लोकांना हलावंसं कमी वाटतं, फारच झालं की आवड पुन्हा उतरते, आणि मधल्या प्रमाणात हलण्याची इच्छा आणि आनंद दोन्ही सर्वांत जास्त असतात. निव्वळ आज्ञापालनच हवं असतं तर सरळ ठोक्यावर लोक सर्वांत जास्त नाचले असते. ऐकणाऱ्याला स्वतः काहीतरी भरायला जागा हवी असते. भजनातल्या टाळकऱ्याला जी जागा मिळते तीच.

यावर आपली मंडळी शेवटचा आणि आवडता पत्ता टाकतात: हे सगळं आमच्याकडे होतंच की. अतीत आहे, अनागत आहे, आड-कुआड-बिआड आहे. दीडपट, सव्वापट, पावणेदोनपट लयी हातात खेळवणाऱ्याला अर्ध्या मात्रेच्या सरकण्याचं काय कौतुक? या आक्षेपात अर्ध सत्य आहे आणि तेवढ्याच आकाराचा अहंकार. अतीत-अनागत म्हणजे समेनंतर किंवा समेआधी आघात आणणं, हे तत्त्वतः सिंकोपेशनच. पण काम वेगळं आहे. आपल्या लयकारीत ताण लांबवर वाढवत नेतात आणि समेवर सोडवतात. तिहाई हे त्याचं ठळक रूप, आणि समेवर आल्यावर श्रोत्यांकडून येणारी दाद ही त्या सुटकेची पावती. रॉकच्या बीटमध्ये ताण सुटतच नाही. तो दर घराला तसाच परत येतो आणि गाणं त्या ताणातच राहायला जातं. लांबवर नेऊन सोडवणं आणि छोट्या जागेत सतत तोलून धरणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत, त्यांत थोरलं-धाकटं लावण्यात अर्थ नाही. आणखी एक फरक असा की आपल्याकडे लय धरणारा एक आणि तिच्याशी खेळणारा दुसरा, ही वाटणी बहुतेक वेळा दोन माणसांत असते, भूमिका अधूनमधून बदलतात. ड्रमवाला हे दोन्ही एकट्याने करतो. उजवा हात टाळकरी, उजवा पाय खोडकर, डावा हात न्यायाधीश. तबलजींना हे ठाऊक नाही असं समजू नये. उस्ताद अल्लारखांकडे ग्रेटफुल डेड या रॉक गटाचा ड्रमवादक मिकी हार्ट शिकला, आणि झाकिर हुसेन यांनी त्याच हार्टबरोबर १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ केलं, ज्याला ग्रॅमी मिळालं. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबल्यावर वाढला आणि मुंबईतून निघून जगभर जमिनीवर बसून ड्रमकिट वाजवत राहिला. जॉन मॅकलॉफ्लिनसारख्या गिटारवादकाने त्याला आपल्या त्रयीत घेतलं. ठुमरीच्या घरात ड्रम शिरले म्हणून तिथला तबला बिघडला, असं म्हणायची कुणाची छाती असेल तर त्याने पुढे यावं.

कुवेतचा संदर्भ इथे निव्वळ पत्त्यापुरता नाही. रुमैथिया ही सालमियाला लागून असलेली, मुख्यतः कुवेती कुटुंबांची वस्ती; भारतीय दाटीवाटीने राहतात ते सालमियाच्या इमारतींत. मधला रस्ता ओलांडला की भाषा बदलते, टाळी मात्र फारशी बदलत नाही. कुवेतचं स्वतःचं शहरी गाणं म्हणजे सौत: ऊद, व्हायोलिन, मिरवास नावाचे हातात मावतील एवढे दुतोंडी ढोल, आणि बसलेल्या मंडळींच्या टाळ्या. त्याचे दोन मुख्य ताल, सहाच्या वळणाचा अरबी आणि चारच्या वळणाचा शामी. या टाळ्या श्रोत्यांनी उत्साहाने वाजवलेल्या नसतात, त्या रचनेचा भाग असतात. एक गट एका जागी, दुसरा त्याच्या फटीत, आणि दोघांच्या मधून मिरवास. पहिल्यांदा ऐकणाऱ्या आपल्या माणसाचा अभिप्राय ठरलेला: टाळ्या जुळत नाहीयेत. हा अभिप्राय आणि ‘ड्रमवाला चुकतो’ हा अभिप्राय यांत काडीचा फरक नाही. आणि ज्याला परकं म्हणून झटकून टाकलं जातं त्या सौतचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव प्रथम घेतात तो अब्दुल्ला अल-फरज, जन्म १८३६, व्यापारी बापाचा मुलगा, वाढला आणि संगीत शिकला तो मुंबईत. त्याने तिथे नेमकं काय ऐकलं आणि त्यातलं सौतमध्ये किती उतरलं यावर मी तर्क लढवणार नाही. पण ज्या किनाऱ्यावर १९६१ पर्यंत व्यवहार रुपयात होत होता, तिथे ‘त्यांचा ताल’ आणि ‘आपला ताल’ अशा भिंती उभारताना थोडी लाज वाटायला हवी. अरबी कानाची रॉकमध्ये काय किमया होते त्याचं उदाहरणही दूर नाही. द पोलीस या गटाचा ड्रमवादक स्ट्युअर्ट कोपलँड कैरो आणि बैरुतमध्ये वाढला, आणि पहिली मात्रा मोकळी सोडणाऱ्या रेगेशी आपलं लवकर जुळलं याचं श्रेय तो लहानपणी कानावर पडलेल्या अरबी तालांना देत आलाय. १९७९ च्या ‘वॉकिंग ऑन द मून’मधली ती ऐसपैस मोकळीक एरवी लंडनमध्येच वाढलेल्या पोराला सुचली असती का, शंकाच आहे.

मग कानाची ही सवय जन्मजात की कमावलेली? एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये दाखवलं की सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन प्रदेशातल्या विषम मात्रांच्या तालांतला बिघाड ओळखता येतो, वर्षाच्या बाळांची ती क्षमता मोठ्यांसारखी आकसते, आणि तरीही त्या वयात थोडे दिवस ते संगीत कानावर पडलं तर ती परत येते. मोठ्यांना ते इतकं सहज जमलं नाही. यातून पालकांना हवा तो निष्कर्ष काढता येत नाही. ड्रमने मुलाचा कान बिघडतो याचा हा पुरावा नव्हे. एकाच प्रकारचं ऐकवत राहिल्याने कान अरुंद होतो याचा आहे. सौत, भजन आणि रॉक तिन्ही एका मैलाच्या आत ऐकू येऊ शकतात अशा गावात वाढणाऱ्या मुलाकडे जे आहे ते पुण्यात पैसे मोजून मिळत नाही.

दोष सगळा पालकांचाच आहे असं मात्र नाही. ड्रम शिकवण्याची जी पद्धत सर्रास चालते तीही याच चुकीत भर घालते. कागदावर सोळा चौकोन, त्यात फुल्या, आणि ‘इथे मार, इथे मारू नको’. मूल फुल्या पाठ करतं आणि आघात बरोबर पडतात, पण चौकोन रिकामा असताना त्याच्या अंगात काहीच चालू नसतं. त्यामुळे वेग थोडा वाढवला की घर मोडतं. शिक्षक म्हणतात लिपी आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि दूरच्या प्रवासासाठी ते खरंही आहे. लिहिलेलं वाचता न येणारा ड्रमवाला स्टुडिओत टिकत नाही. पण आपल्याकडे बोल आधी तोंडात येतो आणि मग हातात, हा क्रम तबल्याच्या गुरूंनी उगीच लावलेला नाही. मराठी मुलापुरतं बोलायचं तर वर्गाचा पहिला अर्धा तास काठ्या बाजूला ठेवाव्यात. मुलाने जागच्या जागी चार मात्रांची चाल चालावी, एक पाऊल एक मात्रा, आणि तोंडाने भजनी ठेका म्हणावा. तिसरं पाऊल जमिनीवर पडेल तेव्हा तोंड बंद असेल. ते पाऊल डगमगलं नाही तर त्याला स्टुलावर बसवून धिंच्या जागी उजवा पाय आणि नाच्या जागी डावा हात द्यावा. दुसऱ्या चार मात्रांत, जिथे धिंचा तिं होतो आणि डग्गा गप्प बसतो, तिथे उजवा पाय पेडलवरून पूर्ण उचलायला सांगावं आणि हाय-हॅट मात्र सोडू देऊ नये. बहुतेक मुलांचा हाय-हॅटवरचा हात तिथेच पहिल्यांदा अडखळतो. वर्गात वेळ घालवायचा तो तिथे.